डेस्कटॉपसाठी स्वतःचा आयकॉन: पांढरी कड न राहता बॅकग्राउंड पारदर्शक कसं करायचं?

रानशेवंती

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगचं एक फोल्डर आहे. डेस्कटॉपवरची सगळी फोल्डरं पिवळी आणि सारखी, खालची नावं बारीक. म्हणून या एका फोल्डरला त्यांच्याच चिपळ्यांचा आयकॉन लावून द्यायचं मनात आहे, म्हणजे नाव वाचायची गरजच पडणार नाही.

चिपळ्या पांढऱ्या चादरीवर ठेवून फोनने फोटो काढला. एका वेबसाइटवर बॅकग्राउंड काढून घेतलं, दुसरीवर त्याची आयसीओ फाईल करून घेतली आणि फोल्डरला लावली. आता असं दिसतंय:

बाबांचा वॉलपेपर गडद निळा आहे. त्यावर चिपळ्यांभोवती पांढुरकी रेघ उमटते. चिपळीच्या फटीत पितळी चकत्या असतात ना, त्या फटींमधली चादर गेलेलीच नाही, पांढरे तुकडे तसेच आहेत. आणि आयकॉन लहान केला की चिपळ्या ओळखूच येत नाहीत, नुसता तपकिरी डाग.

विंडोज ११ आहे. फोटोशॉप नाही, गिंप टाकून घेतलंय. नीट पद्धत कोणी सांगेल का?

खडीसाखर

पीएनजी फाईलचं नाव बदलून शेवटी आयसीओ लिहिलं तर चालतं असं ऐकलंय. कोणी केलंय का?

अर्धमात्रा

खडीसाखर, नको. नाव बदलल्याने फाईल आतून बदलत नाही. आयसीओ हा एक डबा असतो आणि त्यात वेगवेगळ्या मापांची चित्रं, शिवाय सुरुवातीला त्यांची यादी असते. नुसतं नाव बदललेल्या पीएनजीत ती यादी नसते, त्यामुळे विंडोज 'या फाईलमध्ये आयकॉन नाही' म्हणून ती परत करतं.

रानशेवंती, तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. आधी पांढरी कड, कारण मुख्य गोष्ट तीच आहे.

फोटोत चिपळीची कड जिथे संपते, तिथला पिक्सेल थोडा लाकडावर आणि थोडा चादरीवर पडलेला असतो. कॅमेरा त्यात दोन्ही रंगांची सरासरी भरतो. लाकूड लाल ९०, हिरवा ५०, निळा २० आहे असं धरा. पांढरी चादर म्हणजे तिन्ही २५५. निम्मानिम्मा पडलेला पिक्सेल साधारण १७२, १५२, १३७ असा निघतो, म्हणजे फिका, मातकट. पांढऱ्यावर तो डोळ्याला खटकत नाही, उलट त्याच्यामुळेच कड गुळगुळीत वाटते. बॅकग्राउंड काढताना शुद्ध पांढरे पिक्सेल पुसले जातात आणि हा मधला पिक्सेल पूर्ण भरीव म्हणून मागे राहतो. भिंतीतला खिळा उपटताना चुन्याचा पोपडा सोबत यावा, तशी चादर चिपळीला चिकटून येते. गडद निळ्यावर दिसणारी रेघ ती हीच.

व्हायला हवं असं: त्या पिक्सेलचा रंग पुन्हा लाकडाचा, ९०, ५०, २०, आणि त्याचा भरीवपणा निम्मा. प्रत्येक पिक्सेलला तीन रंगांखेरीज चौथा आकडा असतो, अल्फा. ० म्हणजे आरपार, २५५ म्हणजे भरीव. इथे तो १२८ हवा. मग वॉलपेपर १०, ३०, ७० असा निळा असेल तर पडद्यावर ५०, ४०, ४५ च्या आसपासचा रंग येतो. तो लाकूड आणि निळा यांच्या मधोमध आहे, म्हणून रेघ दिसत नाही. उद्या बाबांनी वॉलपेपर पिवळा केला तरी हिशेब आपोआप नव्याने होतो.

लोक बॅकग्राउंड 'कापतात' आणि इथेच अडकतात. कापलं की पिक्सेल एकतर आहे नाहीतर नाही. कडेच्या प्रत्येक पिक्सेलला त्याचा त्याचा अल्फा मिळाला पाहिजे.

कृती संध्याकाळी लिहितो. तोवर एक सांगा, मूळ फोटो अजून आहे ना? वेबसाइटवरून आलेल्या फाईलवर पुढे काम करू नका.

रानशेवंती

मूळ फोटो आहे. आकड्यांमुळे एकदम उलगडा झाला, धन्यवाद! संध्याकाळची वाट बघते.

बिंदुमाधव

अल्फाचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमुल आणि ॲल्वी रे स्मिथ यांनी चित्रात रंगांच्या जोडीला हा चौथा आकडा ठेवायला सुरुवात केली. १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरं चित्र चढवायचे नियम गणितात बसवले. वर अर्धमात्रा यांनी जी बेरीज केली ती त्याच नियमांतली.

विंडोजच्या आयकॉनपर्यंत हे पोचायला मात्र खूप वेळ लागला. आधीच्या आयकॉनमध्ये दोन चित्रं असायची. एक रंगांचं आणि एक फक्त काळं-पांढरं, ज्याला मास्क म्हणत. मास्कमध्ये पांढरा ठिपका असेल तिथे मागचा पडदा दिसणार, काळा असेल तिथे आयकॉनचा रंग. म्हणजे आहे किंवा नाही, मधलं काही नाही. जुन्या आयकॉनच्या कडा दातेरी दिसायच्या त्या यामुळे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ३२ बिटांचे आयकॉन आले, त्यात अल्फाला पूर्ण ८ बिट मिळाले. २५६ पिक्सेलचं माप एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून आलं आणि त्याच वेळी आयसीओच्या आत पीएनजी ठेवायची सोयही झाली. कारण साधं आहे: २५६ गुणिले २५६ पिक्सेल, प्रत्येकाचे ४ बाइट, म्हणजे एका चित्रालाच २५६ केबी. पीएनजी केल्यावर ते बरंच आटोपशीर होतं.

आयसीओच्या यादीत रुंदी-उंचीला एकेकच बाइट दिलेला आहे आणि एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. म्हणून तिथे ० लिहिलं की २५६ समजायचं असं ठरवलं. ही तडजोड मला फार आवडते. जुनी रचना न मोडता नवीन माप बसवलं.

खडीसाखर

मी कालच एका एआय साधनाला 'ट्रान्सपरंट बॅकग्राउंडवर वीणा' काढायला सांगितलं. करड्या-पांढऱ्या चौकटींवर सुंदर वीणा आली. डेस्कटॉपवर लावली तर चौकटीसुद्धा तशाच दिसतायत!

अर्धमात्रा

त्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या आहेत. खऱ्या पारदर्शक चित्रात चौकटी नसतातच, संपादन करणारा प्रोग्रॅम आपल्याला कळावं म्हणून त्या मागे दाखवतो. इंटरनेटवर 'ट्रान्सपरंट' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच चित्रांचं हेच असतं. ओळखायची खूण: गिंपमध्ये उघडून झूम करा. चित्रासोबत चौकटी मोठ्या होत गेल्या तर त्या रंगवलेल्या. गिंपच्या स्वतःच्या चौकटी झूम केलं तरी तेवढ्याच राहतात. फाईल जेपीजी असेल तर बघायचीही गरज नाही, जेपीजीत अल्फाला जागाच नाही.

आता रानशेवंती यांच्यासाठी कृती.

फोटो गिंपमध्ये उघडा. चिपळ्यांभोवती चौरस क्रॉप करा, चारही बाजूंनी थोडी मोकळी जागा ठेवून. आयकॉन चौरसच लागतो, आडवा फोटो दिलात तर चित्र दाबलं जाईल. मग माप १०२४ बाय १०२४ करा. मोठ्या मापावर काम करून शेवटी लहान करायचं.

'लेयर' मेन्यूत 'ट्रान्सपरन्सी', त्यात 'ॲड अल्फा चॅनेल'. फोनच्या फोटोत हा चॅनेल नसतो. ही पायरी गाळली तर डिलीट केल्यावर आरपार होण्याऐवजी तिथे बॅकग्राउंडचा रंग भरला जातो.

'फझी सिलेक्ट' घेऊन चादरीवर क्लिक करा. हे साधन क्लिक केलेल्या जागेला लागून असलेला सारखा रंगच निवडतं, त्यामुळे लाकडाने वेढलेल्या फटी त्यातून सुटतात. तुमचे पांढरे तुकडे बहुधा अशाच कारणाने राहिले. शिफ्ट दाबून धरा आणि प्रत्येक फटीत एकेक क्लिक करा. अंगठा घालायची कडी असेल तर तिच्या आतही.

निवड झाली की 'सिलेक्ट' मेन्यूतून 'ग्रो', २ पिक्सेल. आता निवडीत चादर आणि चिपळीची कड दोन्ही आले. इथे डिलीट दाबू नका. 'कलर्स' मेन्यूत 'कलर टू अल्फा' आहे, ते उघडा. रंग पांढरा न ठेवता ड्रॉपरने चादरीचाच उचला, कारण घरातल्या उजेडात चादर कधीच शुद्ध पांढरी येत नाही. हा फिल्टर प्रत्येक पिक्सेलमधून चादरीचा वाटा वजा करतो, उरलेला रंग ठेवतो आणि जेवढं वजा केलं तेवढा अल्फा कमी करतो. म्हणजे सकाळचा हिशेब उलट्या दिशेने.

दोन गोष्टी सांभाळा. एक, 'ओपॅसिटी थ्रेशोल्ड' थोडा खाली आणा, नाहीतर कडेजवळचं अस्सल लाकूडही किंचित आरपार होतं. दोन, हा फिल्टर अख्ख्या चित्रावर कधीच चालवू नका. पितळी चकत्यांवर जी चमक आहे ती पांढरीच आहे, तीही आरपार होईल आणि चकत्यांना भोकं पडल्यासारखी दिसतील. निवड कडेपुरती ठेवली ती त्यासाठी.

मग खाली तीन नवीन लेयर टाका: एक काळा, एक पांढरा, एक भडक हिरवा. लेयरच्या यादीतली डोळ्याची खूण एकेकासाठी चालू-बंद करून कड तपासा. काळ्यावर पांढरे अवशेष दिसतात, पांढऱ्यावर सावलीचे, आणि हिरव्यावर नको तिथे आरपार झालेला भाग लगेच सापडतो. फक्त चौकटींवर बघून समाधान मानू नका, करड्या-पांढऱ्या जाळीत बारीक दोष लपतात.

तळकोकण

उत्तम माहिती. सावलीबद्दल भर घालतो. चादरीवर टेकवून फोटो काढला की वस्तूखाली सावली पडते आणि ती करडी सावली कुठल्याच निवडीत नीट येत नाही. शक्य असल्यास फोटोच पुन्हा काढावा. ओट्यावर किंवा टेबलावर काच ठेवावी, काचेखाली वीतभर अंतरावर पांढरा कागद, आणि चिपळ्या काचेवर. सावली खाली कागदावर दूर आणि पुसट पडते. ऊन थेट नको, सकाळी खिडकीजवळचा उजेड पुरेसा. मी देवघरातल्या पितळी वस्तूंचे फोटो असेच काढतो.

रंगीत कागद वापरण्याचा मोह मात्र टाळावा. पितळ आरशासारखे असते. हिरवा कागद ठेवला तर चकत्यांच्या कडेला हिरवी झाक येते आणि ती नंतर निघत नाही.

सांजवारा

माझं मत थोडं वेगळं आहे. आयकॉनसाठी फोटो वापरूच नये. आयकॉन हे चित्र असतं, त्यात मोजक्या रेषा हव्यात. मॅकिंटॉशचे १९८४ चे मूळ आयकॉन सुझन केअर यांनी ३२ बाय ३२ च्या चौकटीत, आलेखाच्या कागदावर एकेक घर भरून काढले होते. इतकी वर्षं झाली तरी ते वाचता येतात. फोटोतला उजेड, पोत, सावल्या हे सगळं ३२ पिक्सेलमध्ये चिखल होतं.

रानशेवंती

सांजवारा, तुमचं पटतं, पण मला याच चिपळ्या हव्यात. बाबा त्या चाळीसेक वर्षं वाजवताहेत. एका चिपळीच्या टोकाला आईने बांधलेला लाल गोंडा आहे. दुसऱ्या कुठल्या चिपळ्यांचं चित्र त्यांना आपलं वाटणार नाही.

अर्धमात्रा

लाल गोंडा! हे आधी सांगायचंत. तुमचा आयकॉन त्या गोंड्यावर उभा करा. तपकिरी लाकूड आणि पितळ लहान मापात एकमेकांत मिसळतात, पण तपकिरीशेजारी लाल ठिपका १६ पिक्सेललाही दिसतो. बाबा तोच शोधतील.

सांजवारा यांचं म्हणणं लहान मापांसाठी शंभर टक्के खरं आहे. मोठ्या मापासाठी रानशेवंतींचं. आयसीओत दोन्ही मावतं, कारण आत प्रत्येक मापाचं चित्र वेगळं असू शकतं. विंडोज मागितलेल्या मापाचं चित्र उचलतं, ते नसेल तर जवळचं घेऊन लहान-मोठं करतं. तुमच्या दुसऱ्या वेबसाइटने बहुधा एकच माप भरलं असणार, म्हणून डाग.

डेस्कटॉपवर राईट क्लिक करून 'व्ह्यू' बघा. 'स्मॉल' म्हणजे ३२ पिक्सेल, 'मीडियम' ४८, 'लार्ज' ९६. बाबांसाठी 'लार्ज' ठेवा. स्क्रीनचं स्केलिंग १५० टक्के असेल तर ९६ च्या जागी १४४ लागतात. म्हणून मी २५६, ९६, ४८, ३२, २४ आणि १६ अशी सहा मापं भरेन.

२५६ आणि ९६ ला फोटो. ४८ ला फोटोच, पण लहान केल्यावर रंग थोडे उठावदार करा. ३२ पासून खाली मात्र हाताने काढा: पेन्सिल साधन, पूर्ण झूम, रंग ड्रॉपरने फोटोतूनच उचललेले. दोन्ही चिपळ्या बसवू नका. एकच चिपळी, तिरपी, फटीत दोन पिवळे ठिपके आणि टोकाला लाल गोंडा. चकत्या खऱ्या मापात काढल्यात तर पाव पिक्सेलच्या होतील, म्हणून त्या मुद्दाम मोठ्या.

गोंड्याच्या धाग्यांना वेगळी वागणूक द्या. तिथे धागे पिक्सेलपेक्षा बारीक असतात, म्हणजे जवळजवळ सगळा भाग 'मधलाच' असतो. फझी सिलेक्टने गोंड्याचे केस कापल्यासारखे होतात. 'लासो'ने गोंडा आणि भोवतीची चादर सैलसर निवडा आणि त्या अख्ख्या निवडीवर 'कलर टू अल्फा' चालवा. लाल आणि पांढरा इतके वेगळे आहेत की फिल्टर त्यांची फारकत स्वच्छ करतो. मध्यभागी गोंडा थोडा विरळ वाटला तर त्या लेयरची एक प्रत त्याच्याखाली ठेवून दोन्ही एकत्र करा, भरीवपणा परत येतो.

बिंदुमाधव

गोंड्याची युक्ती टिपून ठेवली.

एक सूचना. फोल्डरच्या ऐवजी शॉर्टकटला आयकॉन लावणार असाल तर विंडोज डाव्या खालच्या कोपऱ्यात बाणाची चौकट चिकटवतं. गोंडा त्या कोपऱ्यात येऊ देऊ नका. वर उजवीकडे सगळ्यात सुरक्षित.

रानशेवंती

तळकोकण काकांच्या सांगण्याप्रमाणे काचेवर ठेवून फोटो नव्याने काढला. सावली जवळपास नाहीच! गोंडा उजवीकडे वर ठेवलाय. कड काळ्या, पांढऱ्या, हिरव्या तिन्हींवर छान दिसतेय, फटीही मोकळ्या झाल्या. धागे तर सुटे सुटे दिसतात, मला अपेक्षाच नव्हती.

आता सहा मापं एका आयसीओत कशी घालायची?

अर्धमात्रा

वा! गिंपमध्ये एक लेयर म्हणजे आयसीओतलं एक चित्र, इतकंच लक्षात ठेवा.

काळा, पांढरा, हिरवा हे तपासणीचे लेयर काढून टाका, नाहीतर तेही आयकॉन म्हणून आत जातील. १०२४ ची मूळ फाईल गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात जपून ठेवा आणि तिच्या प्रतीवर पुढचं करा. चिपळ्यांच्या लेयरच्या प्रती करा आणि 'स्केल लेयर'ने एकेक प्रत २५६, ९६, ४८ करा. प्रत्येक वेळी मोठ्या मूळ लेयरवरूनच लहान करा, ९६ वरून ४८ नको. ३२, २४, १६ ची हाताने काढलेली चित्रं लेयर म्हणून आणून ठेवा. शेवटी १०२४ चा लेयर काढून टाका. 'लेयर टू इमेज साइज' चुकूनही वापरू नका, लेयरची स्वतःची चौकट हेच आयकॉनचं माप असतं.

'फाईल' मेन्यूतून 'एक्सपोर्ट ॲज', नावाच्या शेवटी आयसीओ. खिडकीत सगळे लेयर दिसतील. प्रत्येकापुढे '३२ बीपीपी, ८ बिट अल्फा' हाच पर्याय हवा (बीपीपी म्हणजे एका पिक्सेलला किती बिट). त्याखालचे ८, ४ किंवा १ बीपीपीचे पर्याय निवडले तर कडेचा सगळा अल्फा जातो आणि बिंदुमाधव म्हणाले तो जुना आहे-नाही मास्क परत येतो. २५६ च्या पुढे 'कंप्रेस्ड पीएनजी'ला टिक करा, बाकीच्यांना नको.

ही फाईल डाउनलोड्समध्ये किंवा पेन ड्राईव्हवर ठेवू नका. फोल्डरला फक्त तिचा पत्ता माहीत असतो. फाईल हलली की आयकॉन गेला. 'पिक्चर्स'मध्ये आयकॉनसाठी एक फोल्डर करा आणि तिथे ठेवा. मग बाबांच्या फोल्डरवर राईट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'कस्टमाइझ', 'चेंज आयकॉन'.

रानशेवंती

केलं सगळं, 'ॲप्लाय'ही दाबलं. पण डेस्कटॉपवर अजून जुनाच पांढऱ्या कडेचा आयकॉन दिसतोय. एक्सप्लोररमध्ये मोठ्या मापात बघितलं तर नवीन दिसतो, लहान मापात जुना!

खडीसाखर

याचं उत्तर मला येतं. आयकॉन कॅश! विंडोज आयकॉन एकदा वाचून स्वतःकडे साठवून ठेवतं आणि नाव तेच असलं तर पुन्हा वाचायचे कष्ट घेत नाही. मापागणिक वेगळं साठवतं, म्हणून एका मापात नवीन, एकात जुना. सगळ्यात सोपं म्हणजे आयसीओ फाईलला नवीन नाव द्या आणि 'चेंज आयकॉन'मधून पुन्हा निवडा. तरीही नाही झालं तर टास्क मॅनेजर उघडून 'विंडोज एक्सप्लोरर'वर राईट क्लिक, 'रीस्टार्ट'.

रानशेवंती

खडीसाखर, नाव बदलल्या क्षणी आला! ९६ पिक्सेलमध्ये निळ्यावर चिपळ्या अगदी ठेवल्यासारख्या दिसतात. सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना रविवारी दाखवते.

सांजवारा

अभिनंदन रानशेवंती! दोन्ही पद्धती एका फाईलमध्ये नांदू शकतात हे मलाही नवीन होतं.

याच धाग्यात विचारतो. आमच्या वाचनालयाच्या नोंदवहीच्या शॉर्टकटसाठी फक्त एक देवनागरी अक्षर हवंय, 'ग्रं'. वर्डमध्ये मोठ्या टायपात लिहून स्क्रीनशॉट घेतला, पांढरं काढलं, तर अक्षराच्या एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला निळसर कड येते. फोटो नाही, चादर नाही, मग हे रंग कुठून आले?

अर्धमात्रा

ते क्लिअरटाइपचे रंग आहेत. एलसीडी पडद्यावर प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. अक्षरं अधिक रेखीव दिसावीत म्हणून विंडोज या पट्ट्या सुट्या वापरतं. पडद्यावर डोळ्याला ते कळत नाही, पण स्क्रीनशॉटमध्ये रंग म्हणून गोठतं. स्क्रीनशॉटवरून अक्षर कधीच घेऊ नका.

इंकस्केप हा रेषाचित्रं काढायचा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात लिहा, अक्षर 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि पीएनजी एक्सपोर्ट करा. इंकस्केपचं पान मुळात पारदर्शक असतं, बॅकग्राउंड काढायची पायरीच उरत नाही आणि कडेचा अल्फा पहिल्यापासून बरोबर येतो. फाँट जाड हवा. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' दोन्ही मोफत आहेत, त्यांची सगळ्यात ठळक वजनं वापरून बघा.

'ग्रं' मात्र १६ पिक्सेलमध्ये बसणार नाही. कडेला एकेक पिक्सेल सोडला की १४ उरतात. त्यात वर अनुस्वार, खाली शिरोरेषा, मग ग, त्याला तिरका र, मधल्या मोकळ्या जागा. एकेक मोकळी जागा निदान एका पिक्सेलची हवी, नाहीतर अक्षर भरून जातं. ४८ आणि वरच्या मापांना 'ग्रं' ठेवा, ३२ पासून खाली नुसता 'ग'. उभे दोन दांडे आणि डावीकडची गाठ, 'ग' लहान मापातही ठसठशीत दिसतो.

शिरोरेषेकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. २ पिक्सेल जाडीची रेघ नेमकी पिक्सेलच्या ओळींवर बसली तर दोन ओळी पूर्ण भरतात आणि रेघ धारदार दिसते. तीच अर्धा पिक्सेल खाली सरकली तर एक ओळ भरीव आणि वर-खाली दोन ओळी अर्ध्या पारदर्शक होतात. तीन ओळींची धुरकट पट्टी. आपल्या लिपीत ही आडवी रेघ जवळजवळ प्रत्येक अक्षरावर आहे, त्यामुळे ती धुरकटली की अख्खा आयकॉन धुरकट वाटतो. लहान मापासाठी इंकस्केपमध्ये पानच १६ बाय १६ पिक्सेलचं घ्या, १ पिक्सेलची ग्रिड लावा, स्नॅप चालू करा आणि शिरोरेषा व उभे दांडे ग्रिडवर आणून बसवा. गोलाई असेल तिथे अर्धा अल्फा येऊ द्या, सरळ रेघेत नको.

आणि अक्षर एकरंगी असेल तर ते थेट वॉलपेपरवर सोडू नका. काळं अक्षर काळोख्या चित्रावर हरवतं, पांढरं उजळ चित्रावर. मागे गोल कोपऱ्यांचा भरीव रंगीत चौकोन ठेवा, पारदर्शक फक्त त्या कोपऱ्यांबाहेर. वाचनालयात कोण कुठला वॉलपेपर लावेल ते तुमच्या हातात नाही.

सांजवारा

शिरोरेषेचं हे कुठेच वाचलं नव्हतं. जुन्या आयकॉनमध्ये ती नेमकी अडीच पिक्सेलवर होती! गेरू रंगाच्या चौकोनावर पांढरा 'ग' करतोय.

तळकोकण

लिनक्सवाल्यांसाठी: आयसीओची गरज नाही, पीएनजी किंवा एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात साठवलेले चित्र) थेट चालते. उबंटूच्या फाइल्समध्ये फोल्डरवर राईट क्लिक, 'प्रॉपर्टीज', तिथल्या फोल्डरच्या चित्रावर क्लिक करून आपली फाईल निवडावी. प्रोग्रॅमच्या लाँचरसाठी डेस्कटॉप फाईलमधल्या 'आयकॉन' या ओळीत चित्राचा पूर्ण पत्ता लिहावा. एसव्हीजी कितीही मोठी केली तरी फाटत नाही हे खरे, पण लहान मापात शिरोरेषा धुरकट होण्याचा दोष तिलाही आहे. म्हणून १६ आणि २४ साठी वेगळी पीएनजी ठेवणे बरे.

हडसनकाठी

इथे न्यू जर्सीत मराठी शाळेच्या शिक्षकांचे मॅक आहेत. सांजवारांसारखंच अक्षरांचे आयकॉन इयत्तेच्या फोल्डरांना लावायचे आहेत. मॅकवर आयसीओ चालेल का?

अर्धमात्रा

मॅकचं स्वतःचं स्वरूप आयसीएनएस आहे, पण फोल्डरसाठी तेही करावं लागत नाही. इंकस्केपमधून १०२४ बाय १०२४ ची पारदर्शक पीएनजी काढा आणि 'प्रिव्ह्यू'मध्ये उघडा. कमांड-ए, मग कमांड-सी. फाइंडरमध्ये फोल्डर निवडून कमांड-आय दाबा. खिडकीत वर डाव्या कोपऱ्यात छोटा आयकॉन असतो, त्यावर एकदा क्लिक करा, भोवती चौकट उमटली की कमांड-व्ही. नको झाला तर तोच आयकॉन निवडून डिलीट, मूळ निळं फोल्डर परत येतं.

चित्र प्रिव्ह्यूमध्ये उघडूनच कॉपी करा. फाइंडरमध्ये नुसती फाईल कॉपी केली तर बरेचदा चित्राऐवजी पीएनजी फाईलचा सर्वसाधारण आयकॉन चिकटतो. आणि लाइट व डार्क, दोन्ही मोडमध्ये एकदा बघून घ्या. शाळेत दोन्ही वापरणारे असतील.